इंटरनेटवरच्या चोराचा माग

आमच्या पैठणात ‘माग’ म्हटले की पहिल्यांदा आठवतो तो पैठणी विणण्याचा माग. पण या शब्दाचा दुसराही एक अर्थ आहे, आणि तो खेड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. रात्री गोठ्यातून बैल सुटला म्हणजे घरधनी पहाटे खाली वाकून, ओल्या मातीतली खुरे पाहात निघतो. त्या दुसऱ्या मागाविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. फरक इतकाच की, आजचा चोर पायांनी येत नाही. तो तारेतून येतो, आणि त्याची पावले मातीऐवजी आकड्यांत उमटतात.

पण आधी जुनी रीत पाहू. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली त्या मुलखाविषयी एक अहवाल लिहिला. त्यात गावच्या राखणदाराचे, म्हणजे जागल्याचे काम सविस्तर सांगितले आहे. गावात चोरी झाली की जागल्याने पावलांवरून चोराचा माग काढायचा. माग काढीत तो शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत गेला आणि तिथल्या जागल्याची खात्री पटवून दिली, की त्याची जबाबदारी संपली. पुढचा माग त्या दुसऱ्या जागल्याने काढायचा. असे करीत करीत ज्या गावात माग थांबेल, त्या गावाने चोरीची भरपाई द्यायची. जागल्याला झेपेल तेवढी त्याने, आणि उरलेली साऱ्या गावाने. ही भरपाई गावावर लादणे न्यायाचे नाही, असेही एल्फिन्स्टनने नमूद केले आहे. गावाने चोराला बोलावले नव्हते, आणि त्याला अडवणे प्रत्येक वेळी गावाच्या हातात असेलच असेही नाही.

शिवेवर माग सोपवण्याची ही रीत आणि तिच्यातला हा अन्याय, दोन्ही ध्यानात ठेवा. इंटरनेटवर आजही पुष्कळसे असेच चालते.

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. पोस्टमनला घर सापडायला जसा पत्ता हवा, तसाच हा; पण तो आकड्यांचा असतो. जुन्या पद्धतीच्या पत्त्यात चार आकडे असतात आणि मध्ये टिंबे. उदाहरणार्थ, २०३.०.११३.२५. यातला प्रत्येक आकडा शून्यापासून २५५ पर्यंत कोणताही असू शकतो. शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात जरूर घालावे : २५६ ला २५६ ने चार वेळा मांडून गुणले की एकंदर किती पत्ते होतात? उत्तर येते सुमारे ४२९ कोटी. ऐकायला मोठे वाटते, पण जगाची लोकसंख्याच आज ८०० कोटींच्या वर आहे, आणि एकेका माणसापाशी दोन-दोन, तीन-तीन यंत्रे.

हे पत्ते कोणी मनाने घेत नाही. त्यांची वाटणी सरकारी जमिनीसारखी, वरून खाली होते. जगाच्या पातळीवर ‘आयाना’ नावाची व्यवस्था आहे. तिच्याकडून खंडोखंडीच्या संस्थांना मोठमोठे गट मिळतात. आपल्या आशिया-प्रशांत भागाची संस्था ‘एपनिक’. तिची कचेरी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरी आहे. भारतात हे वाटप ‘इरिन’ ही नोंदणीसंस्था पाहते. तिथून पत्ते टेलिफोन आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांकडे येतात, आणि कंपनी ते आपल्या गिऱ्हाइकांना वापरायला देते. कोणता गट कोणाच्या नावावर आहे याची नोंद सर्वांना पाहता येते. सातबाऱ्याचा उताराच समजा ना! पण या उताऱ्यावर कंपनीचे नाव असते. त्या कंपनीचे गिऱ्हाईक कोण, ते नसते. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

आता चोराचे पाऊल उमटते कसे? संगणकाला डायरी लिहायची सवय असते. अमुक वाजता, अमुक पत्त्यावरून कोणी दार ठोठावले, अमुक नाव सांगितले, परवलीचा शब्द चुकला, अशा ओळी तो न थकता लिहीत राहतो. कोणताही संगणक उघड्या इंटरनेटला जोडा. थोड्याच वेळात दूरदेशचे अनोळखी पत्ते त्याची कडी हलवून पाहू लागतात. समोर माणूस बसलेला नसतो. एक कार्यक्रम आपोआप ‘अ‍ॅडमिन’, ‘१२३४५६’ असली सोपी नावे आणि शब्द एकामागून एक घालून पाहात असतो. मग राखणदार कार्यक्रमही असतात. पाच-सहा वेळा चुकीचा शब्द आला की ते त्या पत्त्याला काही काळ दार बंद करतात. काही अभ्यासक तर मुद्दाम आमिषाचा संगणक मांडून ठेवतात. त्यात कामाचे काहीच नसते. म्हणून त्याच्या दाराशी जो येतो, त्याच्यावर संशय घ्यायला जागा असते.

डायरी चिकाटीने वाचली म्हणजे काय घडते याची एक प्रसिद्ध हकिगत आहे. १९८६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचे खगोलशास्त्रज्ञ संगणकाचे काम पाहात होते. महिन्याच्या हिशेबात ७५ सेंटची तूट आली. एक डॉलरही नाही! दुसरा कोणी असता तर खिशातले पैसे घालून मोकळा झाला असता. स्टोल यांनी मात्र तूट कोठून आली ते शोधले, तेव्हा कळले की कोणी परका माणूस संगणकात शिरून लष्करी माहिती हुडकतो आहे. त्याला हाकलून न देता स्टोल यांनी त्याची प्रत्येक हालचाल छापून घेतली. तो फार वेळ जोडलेला राहावा म्हणून खोटी, पण मोह पडेल अशी कागदपत्रे रचून ठेवली. तेवढ्या वेळात अमेरिकेतल्या कंपनीने माग शिवेपर्यंत नेला, तो जर्मनीच्या टपालखात्याने पुढे उचलला, आणि माग थांबला हॅनोव्हर शहरातल्या एका तरुणाच्या घरी. सोव्हिएत हेरखात्याला माहिती विकल्याबद्दल १९९० मध्ये जर्मन न्यायालयाने त्याला आणि त्याच्या साथीदारांना दोषी ठरवले. मधल्या एकाही जागल्याने आळस केला असता, तर हा माग तिथेच पुसला गेला असता.

नको असलेल्या टपालाची, म्हणजे स्पॅमची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे चोर घरात शिरत नाही. तो दारात कचरा टाकतो, आणि त्या कचऱ्यात कधीकधी गळ लपवलेला असतो. ‘तुम्हाला लॉटरी लागली’, ‘तुमचे खाते बंद होणार’ अशी पत्रे आपणा सर्वांना आली असतील. पत्रावर पाठवणाऱ्याचे जे नाव दिसते त्यावर विश्वास ठेवू नये. पोस्टकार्डावर ‘आपला मामा’ असे कोणीही लिहू शकतो. त्यापेक्षा शिक्के पाहावेत. ई-मेल ज्या ज्या संगणकातून जाते, तो तो तिच्यावर आपला शिक्का मारतो : कोणत्या पत्त्यावरून मिळाली, किती वाजता मिळाली. सर्वांत वरचा शिक्का आपल्या स्वतःच्या टपालकचेरीचा; तो भरवशाचा. खालचे शिक्के मात्र चोराने आधीच बनावट मारून ठेवलेले असू शकतात. म्हणून जाणकार माणूस वरून खाली वाचीत येतो, आणि साखळी जिथे जुळेनाशी होते तिथे थांबतो.

असे टपाल पुन्हा पुन्हा ज्या पत्त्यांवरून येते, त्यांच्या याद्या ठेवण्याची कल्पना १९९७ साली अमेरिकेत पॉल व्हिक्सी यांनी रूढ केली. पुढच्याच वर्षी स्टीव्ह लिनफर्ड यांनी ‘स्पॅमहाउस’ ही संस्था सुरू केली. तिच्या याद्या आज जगभर वापरल्या जातात. पत्र घेण्यापूर्वी आपली टपालकचेरी यादीला विचारते, ‘हा पत्ता तुझ्याकडे आहे का?’ आहे म्हटले की पत्र दारातूनच परत जाते. यादी भरण्याचीही एक युक्ती आहे. कोणीही कधी न वापरलेले ई-मेल पत्ते सापळा म्हणून तयार ठेवतात. त्या पत्त्याच्या मालकाने कोणाला पत्र पाठव म्हटलेलेच नसते. म्हणून त्यावर टपाल पाठवणारा आपण होऊन सापडतो.

इथे आमचीच एक फजिती सांगतो. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी प्रवेशाच्या दिवसांत कचेरीतले कारकून म्हणाले, “सर, आपली पत्रं परत येताहेत.” आम्ही म्हटले, “पोरांनी पत्ते चुकीचे लिहिले असतील.” आठ दिवस असेच गेले. शेवटी परत आलेल्या एका पत्राखालचा इंग्रजी मजकूर मी नीट वाचला, तेव्हा कळले की आमच्या महाविद्यालयाचा पत्ताच काळ्या यादीत गेला आहे. कचेरीतल्या एका संगणकात पेनड्राइव्हमधून काही तरी शिरले होते, आणि तो रात्रभर जगाला कचरा वाटीत होता. आम्ही संगणक साफ केला, यादी ठेवणाऱ्यांना कळवले, आणि नाव निघाले. पण तेवढ्या दिवसांत शिष्यवृत्तीच्या एका अर्जातला कागद कमी असल्याचे आमचे पत्र एका मुलीला पोचलेच नाही. तिच्या गावात बस दिवसातून दोनदा जायची. ती रोज चौकशीला येणार कशी? मुदत टळली. पुढच्या वर्षी तिने अर्ज केला हे खरे, पण त्या वर्षाची रक्कम बुडाली ती बुडालीच. चूक आमच्या कचेरीची, आणि भरपाई दिली तिने.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट शिकलो. ज्या घरातून चोर निघाला ते घर चोराचे असतेच असे नाही. आजचा हुशार चोर स्वतःच्या घरून येतच नाही. तो दुसऱ्याच्या ओसरीतून येतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या कार्यक्रमाने हे जगाला दाखवून दिले. दुकानात, दारात लावलेले कॅमेरे, घरचे इंटरनेटचे डबे, अशी लाखो यंत्रे त्याने काबीज केली. कशाने? कारखान्यातून निघताना त्यांना जे परवलीचे शब्द दिलेले असतात, तसल्या साठ-बासष्ट शब्दांची यादी त्याच्यापाशी होती. मालकांनी ते शब्द बदललेच नव्हते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या यंत्रांनी एकदम मारा केला आणि अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. त्या दिवशी माग काढणाऱ्याला काय दिसले असेल? कुठला वाणी, कुठला डॉक्टर, कुठले साधे कुटुंब. ‘मिराई’ लिहिणारे निघाले तीन अमेरिकन तरुण. त्यांनी २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला.

आपल्या महाराष्ट्रातही याचा अनुभव आलेला आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले, पन्नासाहून अधिक माणसे गेली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तपत्रकचेऱ्यांना धमकीची ई-मेल आली होती. पोलिसांनी पत्त्याचा माग काढला, तो नव्या मुंबईत सानपाड्याच्या एका घरात थांबला. तिथे एक अमेरिकन गृहस्थ राहात होते. त्यांची चौकशी झाली, आणि निष्पन्न असे झाले की त्यांच्या घरातले बिनतारी इंटरनेट बाहेरच्या माणसांनी वापरले होते. कुलूप नसलेल्या दारातून कोणी तरी आत येऊन त्यांच्या टेबलावर पत्र लिहून गेला, असा तो प्रकार.

दुसरी गोष्ट त्याच्या आदल्या वर्षीची, आणि अधिक दुःखाची. ऑर्कुट हे तेव्हाचे, आता बंद पडलेले संकेतस्थळ. त्यावर कोणी तरी छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकला. पुणे पोलिसांनी पत्ता मिळवला, इंटरनेट कंपनीला विचारले, आणि कंपनीने सांगितलेल्या नावावरून ऑगस्ट २००७ च्या अखेरीस बेंगळूरुच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. तो तरुण पन्नास दिवस तुरुंगात राहिला. मागाहून उघड झाले की कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती; त्या वेळी तो पत्ता त्याच्याकडे नव्हताच. पावले नीट ओळखली, पण घर चुकले! पन्नास दिवस म्हणजे काय, हे ज्याच्या घरचा माणूस आत जातो त्यालाच कळते.

असे घर चुकते कसे? दोन कारणे समजून घेतली पाहिजेत. पहिले कारण वेळ. कंपनीचा एकच पत्ता सकाळी एका गिऱ्हाइकाकडे असतो, तर संध्याकाळी दुसऱ्याकडे. म्हणून नुसता पत्ता सांगून भागत नाही, मिनिट-सेकंदासह वेळ सांगावी लागते. त्यातही पुष्कळशा संगणकांची घड्याळे ग्रिनिचशी जुळणाऱ्या जागतिक वेळेवर लावलेली असतात, आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. डायरीत दुपारचे दोन लिहिलेले असतील तर आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. हा हिशेब चुकला की भलत्याच घराचे दार वाजते. दुसरे कारण पत्त्यांची टंचाई. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचे शेवटचे मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. नव्या पद्धतीचे, फार लांब पत्ते आलेले आहेत आणि ते कधी अपुरे पडतील अशी भीती नाही. पण जुनेही अजून चालतात. म्हणून कंपन्या एकाच जुन्या पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाइके बसवतात, विशेषतः मोबाइलवर. मोठ्या वाड्याला एकच दिंडी दरवाजा असावा आणि आत बिऱ्हाडे अनेक, तसे हे. बाहेरून दिसतो तो दरवाजा. आतले बिऱ्हाड ओळखायचे तर दरवाज्यातून बाहेर पडताना त्याला दिलेला क्रमांकही टिपून ठेवावा लागतो.

मग पत्त्याचा माग निरुपयोगी का? मुळीच नाही. तो माग घरापर्यंत नेतो. पुढची चौकशी माणसाने करायची असते. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी दरोडा पडला. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत घुसून, बनावट कार्डांच्या साह्याने अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून आणि हाँगकाँगच्या एका खात्यात मिळून सुमारे ९४ कोटी रुपये काढून नेले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली. हे होते आपल्या देशात यंत्रासमोर उभे राहून नोटा काढणारे. आकड्यांच्या आड लपलेल्या चोरालाही शेवटी कोणाला तरी चव्हाट्यावर उभे करावे लागते. तिथे कॅमेरा असतो, टेलिफोनची नोंद असते, साक्षीदार असतो. आकड्यांचा माग आणि माणसांचा माग जुळला म्हणजेच पुरावा उभा राहतो.

यातून आपण काय घ्यायचे? शाळेत कॅमेरे बसवले असतील, इंटरनेटचा डबा लावला असेल, तर त्याचा कारखान्याचा परवलीचा शब्द आजच बदलावा. शाळेचे बिनतारी इंटरनेट उघडे ठेवू नये. त्याचा शब्द फळ्यावर लिहून ठेवणे म्हणजे किल्ली कुलपालाच टांगून ठेवणे. संगणकाच्या दुरुस्त्या येतील तशा घालीत जावे. पत्रे परत येऊ लागली तर आमच्यासारखे आठ दिवस थांबू नये. परत आलेला मजकूर कोणाकडून तरी वाचून घ्यावा.

फसवणूक झालीच तर रागाच्या भरात ते पत्र, तो संदेश पुसून टाकू नका. मातीतल्या मागावरून गुरे हाकलून नेल्यासारखे ते होईल. तारीख, वेळ, रक्कम वहीत लिहा आणि लगेच १९३० या क्रमांकावर टेलिफोन करा. पैसे गेले असतील तर पहिल्या काही तासांना सोन्याचे मोल आहे. पुढच्या खात्यात रक्कम असेतोवर ती अडवता येते. तक्रारीला उशीर करू नये याचे आणखी एक कारण आहे. संगणक-सुरक्षेचे काम पाहणाऱ्या ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशाप्रमाणे कंपन्यांनी आणि संस्थांनी आपल्या संगणकांच्या डायऱ्या १८० दिवस जपून ठेवायच्या असतात, आणि घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे असते. सहा महिन्यांनी जाग आली तर पावसाने धुतलेल्या वाटेवर माग शोधण्याची पाळी येईल.

आणि शेवटची गोष्ट शिक्षकांसाठी. तुमच्या वर्गातला एखादा हुशार मुलगा कुठला तरी पत्ता शोधून काढील आणि म्हणेल, “गुरुजी, चोर सापडला! गावात सांगू का?” त्याच्या पाठीवर थाप जरूर द्या, पण त्याला सांगा, “बाळ, तुला गाव सापडलं आहे, चोर अजून सापडायचा आहे.” पत्त्यामागचे नाव कंपनीकडून मागण्याचा अधिकार कायद्याने पोलिसांना आणि न्यायालयाला दिला आहे, तो त्यांनीच वापरावा. ज्या गावात माग थांबला त्या गावाकडून भरपाई घ्यायची ही जुनी रीत एल्फिन्स्टनलाही अन्यायाची वाटली होती. दोनशे वर्षांनंतर आपण तीच चूक आकड्यांच्या बाबतीत करू नये. माग चिकाटीने काढावा, शिवेवर नीट सोपवावा, आणि दार ठोठावण्यापूर्वी घर तेच आहे ना, याची दोनदा खात्री करून घ्यावी.